फूल, दोन पानं आणि एक निबंध

गुरुवार, रात्री

इतिहासाच्या पेपरासाठी विश्लेषणात्मक निबंध द्यायचाय. विषय मी स्वतःहून मागून घेतला: गोव्यातला १९६७चा जनमत कौल. आम्ही पेडण्याचे. आजोबांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने मत दिलं होतं आणि निकालाची सल त्यांच्या मनात शेवटपर्यंत होती. घरात दुसरी बाजू कधी ऐकलीच नाही. म्हणून मला हे नीट लिहायचंय.

१६ जानेवारीला मतदान झालं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना, म्हणजे गोवा संघप्रदेशच राहावा या बाजूला १,७२,१९१. फरक ३४,०२१चा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने कौलाआधी राजीनामा दिला, जॅक सिक्वेरांनी विलीनीकरणाच्या विरोधाचं नेतृत्व केलं... असं ओळीने लिहीत गेलं तर पानं भरतात, पण तो नुसता वृत्तांत. मॅडम म्हणाल्या होत्या, निबंधात एक तरी 'का' असा हवा, ज्याचं उत्तर दुसरा कुणी वेगळं देऊ शकेल.

तो मला आज सापडला. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि ३०पैकी १६ जागा कुणाला मिळाल्या? विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच, म्हणजे मगोपलाच! भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्याने दोन-अडीच महिन्यांत त्याच पक्षाला सत्ता का दिली?

आपल्याकडे सगळे एकच उत्तर देतात: लोकांना भाऊसाहेब हवे होते, विलीनीकरण नको होतं. पटतंही. गावोगावच्या शाळा, १९६४चा कूळ कायदा, बहुजन समाजाला त्यांच्याबद्दल वाटणारं प्रेम, सगळं त्यात बसतं. पण मतं पुन्हा मांडून बघितली. फुलाला सुमारे ४४ टक्के मतं होती. कौलात सगळ्या गोव्याची मतं एकत्र मोजली, विधानसभेत मतदारसंघ वेगवेगळे. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात दोन पानांच्या मतांचा ढीग पडला, तरी त्यातून जागा निघणार साष्टीपुरत्याच. शिवाय अपक्षही उभे होते. म्हणजे एकाही माणसाने मत बदललं नसेल, तरी दोन्ही निकाल असेच लागू शकतात. हे लक्षात आलं तेव्हा मी उठून अंगणात फेऱ्या मारल्या, इतका आनंद झाला.

दुसरी गोष्ट धर्माची. सगळं धर्मावर ठरलं, हिंदू फुलाकडे आणि ख्रिस्ती दोन पानांकडे गेले, असं म्हणणारे पुष्कळ. पण गोव्यात हिंदू बहुसंख्य होते. मतं नुसती धर्मावर पडली असती तर फूल जिंकलं असतं. मग दोन पानांकडे गेलेल्या हिंदूंना तिकडे कशाने वळवलं? इथे मला 'राष्ट्रमत' आणायचाच आहे. विलीनीकरणाच्या विरोधातलं हे दैनिक मराठी होतं आणि उदय भेंब्रे त्यात मराठीतूनच सदर लिहीत. आजोबांच्या हातात असायचा विलीनीकरणवादी 'गोमन्तक'. मराठीवर प्रेम असलं की महाराष्ट्रात जायचंच, हे आमच्या घरात गृहीत होतं. त्यांच्याइतकीच चांगली मराठी लिहिणाऱ्यांनी ते त्याच वेळी, त्याच भाषेत खोडून काढलं होतं. हा परिच्छेद मी सगळ्यात सावकाश लिहिणार आहे. आजोबांची बाजू त्यात कमी होता कामा नये, आणि समोरच्यांचीही.

आता कसोटी ठरवून ठेवते, आकडे बघायच्या आधीच. ज्या भागात दोन पानं जिंकली, तिथूनच मगोपचा आमदार निवडून आला असेल तर 'भाऊसाहेब हवे, विलीनीकरण नको' हे उत्तर भक्कम. फूल आणि मगोप एकाच भागात जिंकत गेले असतील, तर ते उत्तर मला सोडावं लागेल, कितीही आवडीचं असलं तरी.

उद्या पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन दोन्ही मतदानांचे आकडे उतरवून घेईन. पेडणे आणि साष्टी शेवटी बघणार, तिथला कल माहीतच आहे. सुरुवात तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांपासून.