नुसतं बोलाचे पैसे सरकार देते?

पऱ्हाटीची वेचणी सुरू आहे. दिवसभर घरात कोणी नसतं आणि संध्याकाळी सगळे एकदम येतात. तीन वर्षांनी गावी आले आहे, दारव्हा तालुक्यात. परवा दिवेलागणीला काकू वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. म्हणाली, "तू मधात लय बिमार होती म्हणे. काय झालं होतं माय?"

आईनं सगळ्यांना बीपी सांगितलं होतं. मी काकूला खरं ते सांगितलं, आणि इथंही तेच सांगते.

बाबा गेले त्यानंतरचा हिवाळा. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो. तिथं डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो. रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची, आणि सकाळी उठून चहा टाकायचंही जिवावर यायचं. मुलाच्या शाळेतून फोन आला की हात थरथरायचे. हे चार महिने चाललं.

शेवटी कामावरच्या एका बाईनं सांगितलं की डॉक्टरच्या चिठ्ठीचीही गरज नाही, आपणच अर्ज करायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 'टॉकिंग थेरपीज' म्हणून सोय आहे. २००८ साली ती दुसऱ्या नावानं सुरू झाली, आताचं नाव २०२३ पासूनचं. रिचर्ड लेयर्ड हे अर्थशास्त्रज्ञ आणि डेव्हिड क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ, अशा दोघांनी ती सरकारच्या गळी उतरवली. त्यांचं म्हणणं असं की उदासीनं आणि चिंतेनं माणसं कामावरून घरी बसतात, त्याचं नुकसान देशालाच होतं, आणि उपचाराचा खर्च त्यातून भरून निघतो. मला हा हिशेब फार पटतो. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता खाटेवरून उठला नाही, तर एका घराचा अख्खा हंगाम जातो. तो कुणाच्या खात्यावर मांडायचा?

पाच आठवड्यांनी फोन आला. पलीकडच्या मुलीनं "कशा आहात" असं विचारलं नाही. गेल्या दोन आठवड्यांतले किती दिवस झोप लागली नाही, किती दिवस कशातच मन लागलं नाही, किती दिवस आपण वाया गेलो असं वाटलं, असं एकेक विचारत गेली. उदासीचे नऊ प्रश्न, चिंतेचे सात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दलचा. तो तिनं आवाज न बदलता, बाकीच्यांसारखाच विचारला, आणि म्हणून मला खरं उत्तर देता आलं. उदासीचे माझे १७ आले, २७ पैकी. दहा किंवा त्याहून जास्त आले की ते उपचार लागण्याइतकं धरतात.

आधी सहा वेळा फोनवर, वहीतल्या गृहपाठासकट. तेवढ्यानं भागलं नाही, मग समोरासमोर बसून. मधे तीन महिने वाट पाहावी लागली. ते महिने वाईट होते, हे लपवत नाही. पण गृहपाठ कामाचा होता. रोज संध्याकाळी वीस मिनिटं चिंतेसाठी राखून ठेवायची. दिवसभरात काही डोक्यात आलं की कागदावर टिपायचं आणि त्या वेळेपर्यंत बाजूला सारायचं. वेळ झाली की प्रत्येकाला विचारायचं, यावर मला आज काही करता येतं का? येत असेल तर काय आणि केव्हा, ते लिहायचं.

एकदा इंग्रजीत मला शब्दच सापडेना. 'जीव घाबरा होतो' याला त्या भाषेत मी काय म्हणू? थेरपिस्ट म्हणाली, तुमच्या भाषेत म्हणा, आणि शरीरात कुठं होतं ते दाखवा. मी मराठीत बोलले, हात छातीखाली ठेवला आणि बाबांसाठी पहिल्यांदा रडले. दर भेटीआधी तेच सोळा प्रश्न असायचे. शेवटच्या भेटीत उदासीचे पाच आले.

काकू ऐकत होती. "गोयी-बियी नाही देल्ली? नुसतं बोलाचे पैसे सरकार देते?" हो, म्हटलं. आपल्याकडूनही कवडी घेत नाहीत.

२०१७ मध्ये बोंडअळीनं पऱ्हाटी गेली, त्यानंतर बाबा दोन वर्षं कुणाशी धड बोलले नाहीत. गाव म्हणायचं, सुस्त झाला. कुणी त्यांना दिवस मोजून विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणू नका. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी धीर द्यायचा, समुपदेशकानं बोलायचं आणि गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, अशी त्याची रीत. आधी तिथं उदासीनं ग्रासलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते, नंतर २७ घेऊ लागले. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात आपला यवतमाळ जिल्हाही आहे. आणि २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

हे सगळं मी काकूला भाषणासारखं ऐकवलं नाही. ती उठून हात धुऊन आली आणि म्हणाली, "तुले काय काय इचारे ती?"

मी विचारत गेले. तिसरा प्रश्न झोपेचा.

"पंधरा दिवसांत किती दिवस झोप नाही लागली, काकू?"

ती बोटांवर मोजू लागली, मग थांबली. "पंधराही."

दिवा लावायचा राहिला होता, तो मी उठून लावला आणि परत तिच्याजवळ येऊन बसले. अजून सहा प्रश्न बाकी होते.