पाण्याचा काटा मधेच होता

टोचनच्या, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याच्या धंद्यात मे महिना म्हणजे सुगी. पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकीचा घाट आमच्यासारख्यांना उन्हाळाभर पोसायचा. साताऱ्याहून येणारी गाडी बोगद्यातून निघून जायची, पण पुण्याकडून जाणाऱ्याला तेव्हा घाट चढल्याशिवाय सुटका नव्हती. शनिवारी दुपारी तर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांगच.

त्या दिवशी फोन आला तो शिरवळच्या पुढून. सहाचाकी ट्रक, क्लच प्लेट जळालेली, माल साताऱ्याच्या एमआयडीसीत पोचवायचा. वजनकाट्याची पावती बघितली : १७ टन ८०० किलो. पुढची चाकं उचलून घेतली, माझ्या गाडीतून हवेचा पाइप देऊन त्याचे ब्रेक सोडवले. भाच्याला खाली घालून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा, खोलून घेतला. हे काम बरेच जण टाळतात. पण इंजिन बंद आणि मागची चाकं फिरतायत म्हटल्यावर गिअरबॉक्समध्ये वरपर्यंत ऑइल चढत नाही, आणि ३०-४० किलोमीटरमध्ये एका क्लचच्या जोडीला गिअरबॉक्सही जातो.

ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर आमच्या केबिनमध्ये बसला. डॅशबोर्डवर मी वेगळं लावलेलं गोल मीटर बघून म्हणाला, "हे कशाचं, मालक?"

"इंजिन ऑइलच्या टेंपरेचरचं."

तो हसला. मीटर बसवताना आमचा मिस्त्रीसुद्धा हसला होता, "विमान चालवायचंय का?" म्हणून. पण त्याआधी एकदा माझं इंजिन धरलं होतं, आतून पार जाम. शेल बेअरिंग वितळून क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला चिकटलं, आणि तेव्हाही पाण्याचा, म्हणजे इंजिनमधलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा शेवटपर्यंत शहाण्यासारखा मधेच उभा होता. त्या बिलानंतर मी ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या बोल्टच्या जागी सेन्सर टाकून घेतला.

घाटाच्या अलीकडचं, सातारा जिल्ह्यातलं खंडाळा सोडलं तेव्हा ऑइल १०२ वर होतं. ओझं असताना ९५ ते ११० म्हणजे माझ्या गाडीची रोजची चाल. घाट लागला आणि पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबलेला, इंजिन जेमतेम १३०० आरपीएमवर (मिनिटाला १३०० फेऱ्या) गुरगुरतंय. ११२. ११७. पाणी ९०. दुसऱ्या वळणानंतर १२३.

"मामा, एकशे सव्वीस," भाचा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

म्हातारा डोकावला. "पर पान्याचा काटा तर मदीच हाय की!"

तीच तर भीती होती. पाणी आणि ऑइल यांच्यात आठ-दहा-पंधरा अंशांचा फरक मी नेहमी बघतो. आता तो ३६ झाला होता. ऑइलच्या प्रेशरचा काटाही ४ किलोवरून अडीचवर आला होता. आमचं १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या जवळपास निम्मं १३० ला उरतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्यावरच तर सगळा डोलारा.

खामजाईच्या देवळाजवळ जरा रुंद जागा मिळाली, तिथे गाडी कडेला घातली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. भाच्याचा हात किल्लीकडे गेला, तो मी धरला. तापलेलं इंजिन तिथल्या तिथे बंद केलं की टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जोरात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच जळतं. आयडलपेक्षा थोडं वर, हजारावर ठेवलं आणि वाट बघत बसलो. म्हाताऱ्याने तंबाखू मळली. १२८ वरून १०५ व्हायला वीस-बावीस मिनिटं लागली. ऑइल सावकाश तापतं आणि निवतंही सावकाश.

उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, २००० आरपीएमवर. आवाज जास्त, वेग बैलगाडीचा, पण पंखा आणि पाण्याचा पंप जोरात फिरतात आणि इंजिनवरचा दाब हलका होतो. ११६ च्या वर गेलं नाही. पलीकडे वेळे गावाच्या उतारावर म्हाताऱ्याने विचारलं, "हे मीटर कितीला पडलं?"

दुसऱ्या दिवशी ऑइल कूलर खोलला; यात ऑइलची उष्णता पाणी ओढून घेतं. ऑइलच्या बाजूने स्वच्छ. पाण्याच्या बाजूला मात्र अंड्याच्या टरफलासारखे पांढरे पापुद्रे गच्च बसलेले, काही ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हरचं टोकही शिरेना. ऑइलची उष्णता पाण्यात उतरायची वाटच बंद, मग पाण्याचा काटा बोंबलणार कशाला? रेडिएटर ठणठणीत होता, पाणी गार राहत होतं, आणि चेंबरमध्ये ऑइल उकळत होतं.

मिस्त्री भाच्यावर घसरला, "कसलं पाणी घालतोस रे?" पोरगं गप्प. खरं सांगायचं तर दोन उन्हाळे होज (पाण्याचा रबरी पाइप) गळत होता, आणि दर वेळी कुलंटचा डबा कुठे फोडायचा म्हणून बोअरचं पाणी मीच ओतत आलो होतो. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहाचं पातेलंसुद्धा पांढरं होतं. मिस्त्रीला तसं सांगितलं, तर तो पुन्हा हसला.

नवा कूलर, नवं कुलंट, ऑइल आणि फिल्टर बदलला. पुढच्याच आठवड्यात तसलाच भरलेला ट्रक घेऊन त्याच घाटात. भाचा न विचारता आकडे वाचत होता : एकशे चार, एकशे सहा, एकशे सात. खामजाईपाशी मी म्हटलं, "पुरे आता, रस्ता बघ."

"एकशे सात," तो म्हणाला.