मोटरहोमची वादळ-तयारी: वाऱ्याचं काम उरकलं, छत बाकी

मोटरहोम म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी. तिच्या तयारीच्या या टप्प्यात सगळा भर वाऱ्यावर दिला आहे. पावसाने गाडी गळते, वाऱ्याने उलटते. कामांचा क्रमही त्याच हिशोबाने.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. 7 मीटर लांब, 2.7 मीटर उंच बाजू म्हणजे जवळपास 19 चौरस मीटरचं शीडच. ताशी 60 किलोमीटरचा वारा आडवा लागला तर त्यावर साधारण 400 किलोंचा रेटा येतो. ताशी 100 ला तो 1,100 किलोंच्या आसपास जातो. गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं की वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ एक-तृतीयांशावर येतं. म्हणून जागेवर पोचल्यावर पहिला प्रश्न दिशेचा, जॅकचा नंतर. स्टॅबिलायझर जॅक (गाडीखाली जमिनीवर टेकवायचे आधार) डोलणं कमी करतात, गाडी जमिनीला धरून ठेवत नाहीत. त्यांच्याखाली 18 मिलिमीटर प्लायचे 30×30 सेंटिमीटरचे तुकडे घातले आहेत, नाहीतर भिजलेल्या मातीत एकच जॅक रुततो आणि गाडी तिरकी होते. पाण्याची टाकी भरलेली ठेवावी: 150 लिटर म्हणजे 150 किलो, तेही तळाशी.

ऑनिंगबाबत, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराबाबत, वाद घालू नये. ताशी 30 किलोमीटरचे झोत सुरू झाले की ती आत. झोपताना तर नेहमीच आत. खुंटीला बांधायच्या पट्ट्यांवर फार विसंबू नका. त्यांनी कापड टिकतं, पण ताण भिंतीतल्या स्क्रूंवर जातो आणि पट्टीसकट पत्रा उचकटतो. नुसता पाऊस असेल तर एक हात 30 सेंटिमीटर खाली घ्या. एका चौरस मीटरवर 5 सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते 50 किलो होतं. मोटरची ऑनिंग असेल तर हाताने गुंडाळायचा दांडा कुठे बसतो ते कोरड्या दिवशीच पाहून ठेवा. वाऱ्याने फुगलेलं कापड मोटरला ओढवत नाही. ओली गुंडाळली असेल तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा, बुरशी लगेच धरते. स्लाइड-आउटवरचं, म्हणजे गाडीच्या बाजूने बाहेर सरकणाऱ्या भागावरचं, कापडही असंच फुगतं, त्यामुळे तेही वेळेत आत.

केबिनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर लावला आहे. 3 तासांत 6 हेक्टोपास्कलहून जास्त घसरण झाली तर मुक्काम हलवायचा निर्णय तेव्हाच घ्यावा. वारा सुटल्यावर उंच गाडी रस्त्यावर काढणं जास्त धोक्याचं. विजांच्या वादळाचा अचानक झोत मात्र बॅरोमीटरला आधी कळेलच असं नाही. त्यासाठी फोनवरच्या इशाऱ्यांसोबत बॅटरीचा रेडिओ हवा, कारण मोबाइलचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून 3 ने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. 30 सेकंद किंवा कमी असतील तर बाहेर थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतरही 30 मिनिटं आतच. कुठलीही गाडी विजेपासून वाचवते, हा गैरसमज जुना आहे. लाकडी सांगाड्यावरची फायबरग्लासची बॉडी विजेपासून संरक्षण देत नाही. चारी बाजूंनी पत्रा असलेली बॉडी देते, काचा बंद ठेवून आणि धातूला हात न लावता. बाहेरच्या वीजजोडणीचा एमसीबी आधी पाडा, मग प्लग काढा, आणि हे वादळ दूर असतानाच. सर्ज प्रोटेक्टरने (वीजपुरवठ्यातल्या अचानक उसळीपासून उपकरणं वाचवणाऱ्या साधनाने) जवळ पडलेली वीज अडत नाही.

चक्रीवादळ, टोर्नेडो किंवा पूर असेल तर गाडी निवारा नाहीच. पक्क्या इमारतीत, तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत जा; पुरात मात्र उंचावर. 60 सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या गाड्यांनाही ओढून नेतं. बूट, टॉर्च आणि कागदपत्रांची पिशवी दाराशीच ठेवली आहे. निघताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

आपत्कालीन खिडकी दर 3 महिन्यांनी पूर्ण उघडायची, कारण तिचं रबर चिकटून बसतं. त्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

बाकी आहे ते छत. हवाझरोक्यांची प्लास्टिकची झाकणं उन्हाने ठिसूळ झाली आहेत, छोटी गारही त्यांना पुरेल. तिथे पॉलिकार्बोनेटची झाकणं, खाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), स्क्रूंवर छताला चालणारं सीलंट. जुनं सीलंट पूर्ण खरवडल्याशिवाय नवं लावायचं नाही.