हतनूर ते नवापूर : तापीकाठी गळ टाकणाऱ्यांसाठी

होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघं, मी आणि पुण्याहून आलेला माझा आतेभाऊ, हतनूर धरणापासून तापीच्या काठाकाठानं गळ टाकत नवापूरपर्यंत गेलो. मध्ये सारंगखेडा आणि प्रकाशा. मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत. कुठे राहिलो, काय खाल्लं हे थोडक्यात आटोपतो, कारण खरा मजकूर लाइन म्हणजे गळाची दोरी, गाठी आणि लुअर म्हणजे खोटं आमिष, यांचा आहे. आणि तोही याच क्रमानं. दुकानात गेलं की आधी रंगीबेरंगी लुअर दाखवतात आणि आपण निम्मे पैसे तिथेच घालवतो. माझं मत स्पष्ट आहे : आधी पाणी बघा, त्यावरून लाइन ठरवा, त्या लाइनला जमणारी गाठ हाताला बसवा आणि उरलेल्या पैशांत लुअर घ्या.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. खान्देशात मात्र ती सगळीकडे सारखी नाही. हतनूरला गाळानं भरलेला, कडेला गवत-शेवाळ असलेला उथळ फुगवटा. सारंगखेडा आणि प्रकाशाला बॅरेजनं अडवलेलं संथ, खोल पाणी. नवापूरच्या बाजूला गुजरातेतल्या उकाई धरणाचा फुगवटा, आणि त्याच्या तळाशी बुडालेल्या शिवारांतली खोडं आणि दगडी बांध. एकाच नदीवर तीन प्रकारची लाइन लागते ती यामुळे.

भुसावळहून पहाटे निघालो की उजाडायच्या आत हतनूरला पोचता येतं. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खाली गळ टाकायचा विचारही करू नका. ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात वरून पाणी आलं की ते उघडतात आणि खालचं पात्र बघता बघता भरतं. आम्ही वरच्या अंगाला, चांगदेवच्या दिशेनं, जिथे पूर्णा तापीला मिळते त्या बाजूच्या काठावर बसलो. संगमाच्या घाटावर आणि मंदिरासमोर मात्र गळ काढायचा नाही. लोक तिथे श्रद्धेनं माशांना खायला टाकतात.

जाळी आणि होड्या घेऊन भोई मंडळी आमच्या आधीच आली होती. त्यांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. धरणातली मासेमारी सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते, त्यामुळे परवानगी तिथेच मागायची. "का भो, कुठून आले?" इथून बोलणं सुरू झालं आणि तासाभरात त्यांच्यातल्या एका आजोबांनी आम्हाला बसायची जागा दाखवली.

या आजोबांचं एक काम मी जवळून पाहिलं. त्यांच्याकडे साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची लाइन होती, रीळ नाही, लाकडी फिरकीला गुंडाळलेला. गळ बांधताना त्यांनी तंगूस गळाच्या दांड्याला समांतर धरला, त्याच्यावरून सात-आठ वेढे एकाशेजारी एक घेतले, टोक ओठात धरून वेढे ओले केले आणि मग सावकाश ओढलं. वेढे एकमेकांना चिकटून बसले, एकही दुसऱ्यावर चढला नाही. त्यानंतर गळापासून हातभर तंगूस अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून हळूहळू ओढला. मध्ये एके ठिकाणी नख अडखळलं. त्यांनी तेवढा तुकडा विळ्यानं कापून खिशात टाकला आणि गळ नव्यानं बांधला. माझ्या आतेभावाला त्या ठिकाणी डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. ही गाठ म्हणजेच स्नेल. दांड्याला गुंडाळलेली असल्यामुळे ओढ सरळ गळाच्या रेषेत येते. आमिष लावून बसणाऱ्यांसाठी, रोहू-मृगळापासून शिंगाडा माशापर्यंत, याहून चांगली गाठ मला माहीत नाही. आणि नखांची तपासणी तर प्रत्येक माशानंतर, प्रत्येक अडकण्यानंतर करायचीच.

हतनूरच्या कडेचं गवत म्हणजे मरळीचं घर. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती अधूनमधून वर येऊन 'पच्‌' असा आवाज करते. तो ऐका, मगच लुअर टाका. इथे एकच लुअर पुरतो : आतून पोकळ असलेला रबरी बेडूक, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणजे गवतात अडकत नाही. तो गवतावर टाकायचा, सावकाश ओढत कडेच्या मोकळ्या पाण्यात आणायचा आणि क्षणभर थांबवायचा. मरळ बहुतेक वेळा तिथेच झेप घेते. पाणी फुटलं की लगेच झटका द्यायचा नाही. बेडूक दिसेनासा होऊ द्या, लाइनवर वजन जाणवू द्या, मग काठी जोरात वर. माझ्या आतेभावाला पहिली मरळ अशीच मिळाली, चांगली हातभर लांबीची.

यासाठी लाइन ब्रेडच, म्हणजे बारीक धागे विणून केलेलीच हवी, ३० ते ४० पौंडी, म्हणजे तेवढ्या ओढीपर्यंत न तुटणारी. हा आकडा ऐकून लोक दचकतात, की एवढा मासा आहे कुठे? प्रश्न माशाच्या वजनाचा नाही. गवतात घुसलेली मरळ दोन-तीन किलो गवतासकट ओढून आणावी लागते. ब्रेड जवळजवळ ताणलीच जात नाही, त्यामुळे दूरवर दिलेला झटकाही गळापर्यंत पोचतो, आणि ती पाण्यावर तरंगते. त्याच जाडीची नायलॉन मोनो, म्हणजे एकाच धाग्याची लाइन घेतली तर ताकद तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची मिळते आणि ताण इतका की झटका अर्ध्या वाटेतच विरतो. बेडकाला ब्रेड थेट बांधा, मध्ये काहीही नको. गाठ पालोमर : लाइन दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायची, साधी सैल गाठ मारायची, पुढचा फासा पूर्ण बेडकावरून घालायचा, थुंकीनं ओलं करून ओढायचं. ब्रेड गुळगुळीत असते, तिच्यावर नेहमीची क्लिंच गाठ, म्हणजे टोक लाइनभोवतीच गुंडाळून मारलेली, सरकते. हे घरी पाण्याची बादली टांगून तपासता येतं, काठावर माशावर तपासू नका.

आणि एक कळकळीची विनंती. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका एकत्र हलताना दिसला की त्याखाली आईबाप असतात. ते रागानं कशावरही झेपावतात, म्हणून पकडायला अगदी सोपे. त्यांना हात लावू नका. आईबाप गेले की तो सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

दुपारी काठावर थांबण्यात अर्थ नसतो. मार्चातच ऊन चटके देतं. रबरी लुअर गाडीच्या डिकीत ठेवले तर वितळून एकमेकांना चिकटतात, आणि मोनो उन्हात पडून राहिली की कुजते, वरून चांगली दिसते आणि गाठीशी तुटते. दोन्ही पाण्याच्या बाटल्यांबरोबर थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. आम्ही दुपारी जळगाव-अमळनेर रस्त्यानं निघालो, वाटेत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली आणि दोंडाईचावरून सारंगखेड्याला आलो.

सारंगखेडा बहुतेकांना दत्तजयंतीच्या घोडेबाजारामुळे माहीत आहे. बॅरेजमुळे वरच्या अंगाला मैलोन् मैल खोल पाणी साचलेलं असतं. काठ काळ्या-पिवळ्या मातीचे, उंच आणि घळींनी फाटलेले; कडेवर उभं राहू नका, खालून पोखरलेली असते. शेतकऱ्यांच्या पाणमोटारींचे पाइप आणि केबली पाण्यात उतरलेल्या असतात. तिथे लुअर टाकलात तर अडकेल, आणि अडकलेला सोडवायला केबल ओढणं जिवावर बेतू शकतं. लाइन कापा, लुअर सोडून द्या. कार्बनची काठी वीजवाहक असते, तेव्हा लाइट तारांखाली ती उभी धरून चालायचं नाही.

इथलं मोठं जनावर म्हणजे शिवडा मासा. तोंड डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेलं आणि त्यात बारीक दातांच्या किसणीसारख्या पट्ट्या. ब्रेड त्या दातांवर टिकत नाही. म्हणून ब्रेडपुढे दीड-दोन हात ४० ते ५० पौंडी मोनो किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे लुअरआधीचा जाड तुकडा हवाच. फ्लोरोकार्बन महाग आहे; तो पाण्यात कमी दिसतो आणि लवकर बुडतो, पण तापीच्या गढूळ पाण्यात दिसण्या-न दिसण्याचा फरक फारसा पडत नाही. मी तरी जाड मोनोच वापरतो आणि वारंवार बदलतो.

लीडर जोडायला दोन गाठी शिका. पहिली डबल युनि : दोन्ही टोकं शेजारी ठेवून प्रत्येकानं दुसऱ्यावर वेढे घ्यायचे, ब्रेडचे आठ, लीडरचे पाच, आणि मग दोन्ही गाठी एकमेकींवर ओढून भिडवायच्या. ब्रेडचे वेढे जास्त, कारण ती सरकते. अंधारात, वाऱ्यात, थरथरत्या हातांनीही ही जमते. दुसरी एफजी. हिच्यात लीडरला गाठच पडत नाही, ब्रेड त्याच्यावर एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं वीसेक वेळा विणली जाते आणि ताण आला की आवळते. बारीक असल्यामुळे काठीच्या कड्यांतून न अडखळता जाते. मात्र ताणाखाली बांधावी लागते आणि सरावाशिवाय जमत नाही. घरी एफजी, काठावर डबल युनि, असा माझा नेम आहे.

शिवड्यासाठी लुअर म्हणजे जड स्पून, चमच्याच्या आकाराचा धातूचा, साधारण २० ते ३० ग्रॅमचा, चंदेरी. पाणी मावळतीला काळवंडलं की तळापर्यंत जाऊ द्यायचा, काठीनं उचलायचा, पुन्हा पडू द्यायचा. स्पून आणि स्पिनर (फिरत्या पात्याचा लुअर) फिरतात आणि लाइनला पीळ देतात, तेव्हा पुढे बॉल बेअरिंगचं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी लावा. ड्रॅग म्हणजे रिळाचा सैलपणा हातानं अंदाजे ठरवू नका. लोंबता वजनकाटा लाइनला लावून ओढा. साखळीतली सर्वांत कमजोर कडी जितकी, तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग सुटला पाहिजे. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, मग तीन-चार किलोवर रीळ सुटायला हवं.

आम्हाला शिवडा मिळाला नाही, शिंगाडा मिळाला. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा करवतीसारखा असतो. पक्कड आणि जाड हातमोजा जवळ नसेल तर शिंगाड्याला हात घालू नका.

प्रकाशाचा मुक्काम शांत गेला. दक्षिणकाशी म्हणून तिथे लोक येतात, घाटांपासून लांब बसा. इथे लुअर पेटीतच राहू द्या. रोहू आणि मृगळ लुअरमागे येत नाहीत. शेंगदाण्याची ढेप आणि भाजलेली कणीक मळून घट्ट गोळा, १० ते १२ पौंडी मोनो, स्नेलनं बांधलेला छोटा गळ आणि तरंगणारा फ्लोट. इथे मोनोचा ताण कामाला येतो. रोहूचे ओठ मऊ असतात, ब्रेडच्या झटक्यानं फाटतात. मोनोला सुधारित क्लिंच पुरते, पाच-सहा वेढे, ओलं करून. कोरडी गाठ ओढली की नायलॉन घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं.

नंदुरबारहून नवापूरला जाताना भोंगऱ्या बाजाराची, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराची गर्दी होती. वाहनं मुंगीच्या पावलानं जातात, वेळ हाताशी ठेवा. रेल्वेनं यायचं तर भुसावळ-सुरत मार्गावर नवापूर आहे. त्या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. फुगवट्याच्या काठावरच्या गावांत पुन्हा तोच शिरस्ता, आधी गावकऱ्यांना विचारा. एका घरी ज्वारीची भाकरी आणि वामीचं कालवण मिळालं, त्याची चव अजून जिभेवर आहे.

इथे पाणी स्वच्छ आणि तळ खोडांचा. उघड्या तिहेरी गळांचे क्रँकबेट, म्हणजे ओढताना डुलणारे कडक मासेवजा लुअर, काही फेकींतच गमावून बसाल. ऑफसेट म्हणजे वाकवलेल्या दांड्याच्या गळावर चढवलेला रबरी मासा, ज्यात गळाचं टोक रबरात लपवलेलं असतं, तोच खोडांमधून सुखरूप येतो. लाइन २० पौंडी ब्रेड, लीडर ३० पौंडी फ्लोरोकार्बन; स्वच्छ पाण्यात आणि घासणाऱ्या खोडांत त्याचे पैसे वसूल होतात. लुअरला न आवळणारा फासा बांधा, म्हणजे तो मोकळा हलतो. चिलापीसाठी बोटाच्या पेराएवढा स्पिनर आणि ६ पौंडी मोनो, मुलांना शिकवायला उत्तम.

हाच संच पुढे समुद्रावर नेणाऱ्यांसाठी थोडं. सुरतेकडे खंबातच्या आखाताचं पाणी गढूळ, भरती-ओहोटीची ओढ प्रचंड, तिथे लुअरपेक्षा आमिष बरं. लुअर टाकायचे तर कोकण गाठा. खाडीत जिताड्यासाठी २० ते ३० पौंडी ब्रेड आणि ४० ते ५० पौंडी लीडर, कारण त्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. सुरमईला पोलादी तार. गाठी त्याच, डबल युनि किंवा एफजी. नदीवरचे साधे गळ आणि स्नॅप, म्हणजे लुअर अडकवायच्या छोट्या कड्या, खाऱ्या पाण्यात लगेच गंजतात, ते टिनचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेस घ्या. संध्याकाळी रिळाचा ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची बारीक धार सोडा, जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. ब्रेडही धुवा, आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.

कापलेल्या लाइनचा प्रत्येक तुकडा, अगदी गाठीची शेपटीसुद्धा, खिशात घालून परत आणा. हतनूरला हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात, आणि पायात तंगूस अडकलेला पक्षी सुटत नाही. नायलॉनचा तुकडा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पिशवीत कात्रीबरोबर झाकणाची एक रिकामी बरणी ठेवली की काम होतं.