ट्रान्सप्लांट ठरलंय? मग आधी लसीची फाइल काढा

किडनी ट्रान्सप्लांट म्हटलं की घरात दाता, पैसा आणि परवानगी देणाऱ्या कमिटीची कागदपत्रं एवढंच बोललं जातं. लसीची आठवण होते तोवर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. मग लस टोचूनही अँटिबॉडी जेमतेमच तयार होतात.

पहिला नंबर हिपॅटायटिस बीचा. डायलिसिसवाल्यांना नेहमीचा 20 मायक्रोग्रॅमचा डोस पुरत नाही. 40 लागतात, तेही चार वेळा: आज, मग आजपासून 1, 2 आणि 6 महिन्यांनी. इंजेक्शन दंडात, फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडलेला) हात सोडून. कमरेवर दिलं तर ते चरबीत राहतं आणि टायटर, म्हणजे रक्तातली अँटिबॉडीची पातळी, वर येत नाही. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (या लसीनं तयार होणारी अँटिबॉडी) तपासा. 10 mIU/mL च्या खाली असेल तर कोर्स पुन्हा. पुढे दरवर्षी तपासणी. एक गंमत लक्षात ठेवा: लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची लागण दाखवणारी टेस्ट) तपासलं तर ते लसीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि डायलिसिस युनिटमध्ये नसती धावपळ होते. आधी तपासणीचं रक्त द्या, मग लस.

गडहिंग्लज-राधानगरीकडची मंडळी कोल्हापुरातून लस विकत घेऊन एसटीनं गावी नेतात. ती 2 ते 8 अंशांत राहायला हवी, पण व्हायल (लसीची बाटली) थेट बर्फात खुपसू नका. एकदा गोठली की हिपॅटायटिस बीची लस बाद. मध्ये जाड कागद किंवा कापड ठेवा.

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत विषाणूच्या. त्या ऑपरेशनच्या किमान 4 आठवडे आधी, नंतर नाहीच. पंचगंगेला पूर आला की काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस एची लस आठवते. ती आपल्याकडे जिवंत आणि मृत, दोन्ही प्रकारची मिळते. ट्रान्सप्लांटवाल्यानं मृतच मागायची. फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याआधी, इंजेक्शनचीच. नाकात मारायचा फवारा नको.

घरात तान्हं बाळ असेल तर त्याचा पोलिओ डोस अजिबात चुकवू नका, पण तो तोंडावाटे नको, इंजेक्शनचाच मागा. तोंडावाटे दिलेला विषाणू काही आठवडे शीतून बाहेर पडतो; तो डोस आधीच दिला असेल तर तेवढे दिवस लंगोट दुसऱ्यानं बदलावा.

आणि कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय गाठा. केसपेपर काढतानाच सांगा, "ट्रान्सप्लांट झालंय." अशा पेशंटला किरकोळ ओरखड्यालाही रेबीजच्या लसीबरोबर सीरम (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) लागतं.