ट्रॉलरच्या शाफ्टपासून वेकबोर्डिंगच्या बोटींपर्यंत: आमची वाटचाल

दारूखान्यातलं आमचं वर्कशॉप बाबांनी एका जुन्या लेथवर सुरू केलं. ससून डॉकचे ट्रॉलर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँच, यांचे शाफ्ट म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारे दांडे सरळ करणं, ते ज्यात फिरतात ते बुश बसवणं, पंख्याची वाकलेली पाती ठोकून जागेवर आणणं हे त्यांचं काम. आज त्याच जागेत आमचं निम्म्याहून जास्त काम वेकबोर्डिंगच्या, म्हणजे फळीवरच्या माणसाला पाण्यावरून ओढणाऱ्या बोटींचं असतं. मांडव्याला बंगले असलेल्यांच्या बोटी, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांच्या बोटी, कधी पवना-मुळशीकडून ट्रेलरवर आलेल्या. लोक विचारतात, हे वळण कसं घेतलंत? खरं सांगायचं तर वळण बोटींनीच घेतलं. त्यांची झीज ज्या पद्धतीची होती, ती समजून घेणारं फार कुणी आसपास नव्हतं.

पहिली अशी बोट आमच्याकडे आली ती थरथरते म्हणून. मालकांनी दोनदा पंखा बदलून घेतला होता. बोट सुंदर, मीटरवर तास अगदी कमी. बाबांनी पंख्याकडे पाहिलंही नाही. गिअरबॉक्सचं आणि शाफ्टचं कपलिंग, म्हणजे जोड सोडवला आणि मधली फट चारी बाजूंनी मोजली. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या तीन भागांपेक्षा जास्त फरक तिथे चालत नाही. त्या बोटीत तो कितीतरी जास्त होता. ट्रॉलरचा शाफ्ट लावणाऱ्याला ही गोष्ट नवीन नाही. मापही तेच, आणि नियमही तोच की शेवटची जुळणी बोट पाण्यात तरंगत असतानाच करायची. ट्रेलरवर बोटीचा तळ वेगळा दबतो, पाण्यात वेगळा.

पण त्या कामानंतर बाबा मला म्हणाले, हे इंजिन माशांच्या बोटीचं नाही, ह्याचा अभ्यास कर. मी केला.

वेकबोर्डिंगमध्ये माणूस दोन्ही पाय एका फळीला बांधून, दोरी धरून बोटीमागे ओढला जातो आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उडी घेतो. उडी उंच जायची तर लाट मोठी हवी, आणि लाट मोठी हवी तर बोट पाण्यात खोल बसायला हवी. म्हणून ह्या बोटींत पाणी भरायच्या टाक्या आणि पिशव्या असतात. त्यांना बॅलास्ट म्हणतात. मोठ्या बोटीत हजार लिटरच्या वर पाणी भरतात, म्हणजे टनभर वजन मुद्दाम अंगावर घेतात, वर माणसं वेगळी. आणि वेग? ताशी ३० ते ३७ किलोमीटर. तो वेग सतत टिकवायचा, माणूस पडला की थांबायचं, वळायचं, त्याला घ्यायचं आणि पुन्हा पूर्ण जोर लावून पाण्याबाहेर खेचायचं. भरलेला ट्रक दिवसभर बोरघाटात थांबत-थांबत चढवावा, तसं हे काम आहे. इंजिन बहुतेक वेळा मोटारीच्याच जातीचं, पेट्रोलवर चालणारं आठ सिलिंडरचं. ते बोटीच्या मागच्या टोकाला तोंड मागे करून बसवलेलं असतं, आणि शाफ्ट व्ही-ड्राइव्ह नावाच्या गिअरपेटीतून वळून तळाखाली जातो.

म्हणून जुनी बोट विकत घ्यायला निघालेले लोक आम्हाला फोनवर आनंदाने सांगतात की 'फक्त दोनशे तास चाललीय', तेव्हा मी लगेच विचारतो, कसे दोनशे तास? रिकामी बोट मांडव्याला ये-जा करत होती की टनभर पाणी भरून माणसं ओढत होती? गोड्या पाण्यात की खाऱ्या? तासांचं मीटर इंजिन फिरत होतं एवढंच सांगतं, किती ताण घेऊन फिरत होतं ते सांगत नाही. गिअरबॉक्सचं तेल मात्र सांगतं. ते काळपट आणि करपट वासाचं निघालं तर पुढे-मागे गिअर टाकण्याची घाई झालेली असते, क्लचच्या प्लेटी जळत आलेल्या असतात.

दोरी बांधायचा अॅल्युमिनियमचा टॉवर हे दुसरं ठिकाण. वरून ओढ मिळावी म्हणून तो असतो, आणि प्रत्येक उडीचा, प्रत्येक आपटीचा हिसका त्याच्या चार पायांत जातो. पायाभोवती फायबरच्या वरच्या थरावर चांदणीसारख्या बारीक भेगा दिसू लागल्या की आम्ही टॉवर काढून खालचा भाग तपासतोच. खाऱ्या हवेत स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले तर अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी पावडर होत जाते. मधे नायलॉनचा वॉशर घालणं स्वस्तातलं काम आहे, आणि मी ते प्रत्येक बोटीला आग्रहाने करायला लावतो.

मुंबईचं पाणी मात्र स्वतंत्र विषय आहे. ह्या बोटी मुळात तळ्यांसाठी बनतात. आपलं बंदराचं पाणी खारं तर आहेच, वर गाळाचं. उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो आणि सगळा गाळ ढवळून निघतो. शाफ्टचा रबरी बुश पाण्यानेच वंगण घेतो. त्या पाण्यात वाळू असेल तर तो बुश शाफ्टला पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पात्यांचं फिरतं चाक, तळ्यात एक हंगाम निभावतो, इथे तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. त्याची पाती तुटली की तुकडे पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतात, म्हणून आम्ही नवा इंपेलर बसवण्याआधी जुन्याचे सगळे तुकडे शोधून एका ताटलीत जुळवतो. पिशव्या आणि जाळ्याचे नायलॉनचे दोर तर रोजचेच. दोर शाफ्टला गुंडाळला गेला की पाणी रोखणारं सील कापतो, आणि बोटीत पाणी येतं.

खारं पाणी थेट इंजिनमधून फिरत असेल तर धूर बाहेर नेणारे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून सडतात. बाहेरून रंग नवा असतो. आतली भिंत फुटली की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, पाणी दाबलं जात नाही, आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. समुद्रात रोज चालणाऱ्या बोटीला आम्ही हीट एक्स्चेंजरची बंद व्यवस्था, म्हणजे समुद्राचं पाणी इंजिनात न फिरवता ते थंड ठेवणारी, बसवायला सांगतो, आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुवायला. तळ्यावरून आलेल्या बोटीला, बाकीचा धातू वाचवायला स्वतः आधी झिजणारे मॅग्नेशियमचे तुकडे लावलेले असतील तर ते समुद्रात भराभर संपतात. तिथे जस्ताचे लावायला हवेत. एक्झॉस्टच्या होजला चीर असेल तर मी बोट परत देत नाही, मालक कितीही घाईत असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ह्या बोटींवर मुलं मागच्या फळीवर बसलेली असतात.

अलीकडे नवं काम वाढलंय ते पेट्रोलचं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ह्यातली बरीच इंजिनं दहा टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणासाठी बनलेली आहेत. जुने रबरी पाइप मऊ पडतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळाभर टाकी अर्धवट भरून ठेवली तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं साचतं. सप्टेंबरात पहिल्यांदा स्टार्टर मारला की तेच आधी इंजिनात जातं.

ह्या सगळ्यातून आमची वही तयार झाली. प्रत्येक बोटीचं एक पान असतं, त्यावर तास, त्यातले बॅलास्ट भरून किती, समुद्रात किती, बुशची जाडी, कपलिंगची फट. सुरुवातीला मालकांना हे जास्तीचं वाटायचं. आता बोट विकताना तेच पान मागतात. करोनानंतर खाजगी बोटी वाढल्या तसं खरेदीआधी तपासून देण्याचं काम सुरू झालं. आम्ही त्यात दलाली घेत नाही, तपासणीची ठरलेली फी घेतो, कारण सौदा होण्यात आपला पैसा अडकला की भेगा दिसेनाशा होतात.

बाबा आता रोज येत नाहीत, पण शाफ्ट जुळवायचा असला की त्यांना बोलावतो. लेथवर धाकटा भाऊ असतो. आमच्याकडचे दोघे जण उरण-करंजाकडचे आहेत, बोटीवरच वाढलेले. पाण्यातली चाचणी त्यांच्याशिवाय होत नाही.

मे महिन्यापासून पावसाळी कामाची नोंदणी घेतो. समुद्र बंद असतो तोच आमचा भरगच्च काळ, कारण ट्रॉलरही जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला असतात आणि नारळी पौर्णिमेआधी सगळ्यांना काम हवं असतं. बोट पाठवताना बॅलास्ट रिकामं करून, टाकीतलं पेट्रोल काढून पाठवा. ट्रेलरची चाकंही दाखवा, तापलेलं बेअरिंग खाऱ्या पाण्यात बुडालं की आत पाणी ओढतं. आणि शक्य असेल तर बोट चालवणाऱ्या माणसाला सोबत पाठवा. बोट कुठे थरथरते, कोणत्या वेगाला आवाज बदलतो, हे त्याला माहीत असतं, आणि आमची अर्धी तपासणी त्याच्याशी बोलण्यात होते.