४०० पैकी ११ रोपं

जून संपत आलेला, लॅबमध्ये माणसं कमी आणि सॅम्पलच्या पिशव्या जास्त, अशा गडबडीत एक काका कुणाला न विचारता थेट जर्मिनेशन रूमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात ओल्या गोणपाटाची वळकटी, काखेत अर्धी रिकामी सोयाबीनची बॅग, टॅग अजून लोंबकळतोय. म्हणाले, "ताई, हे बियाणं तुमच्याकडंच पास झालंय नं?"

टॅगवरचा लॉट नंबर बघून मी रजिस्टर काढलं. झालं होतं पास. एप्रिलमध्ये, माझ्याच हातानं, खाली सही माझी. उगवण ७२ टक्के.

मी बियाणे तपासणीत आहे, बारा वर्षं झाली. लोकांना वाटतं आमच्याकडे एक मशीन असतं, बी टाकलं की आकडा बाहेर. मशीन वगैरे काही नाही हो. ४०० दाणे मोजायचे, शंभराच्या चार वाट्या, निवड न करता, म्हणजे चांगले चांगले उचलायचे नाहीत, हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो तो आवरायचा. ओल्या पेपर टॉवेलवर रांगेत मांडायचे, गुंडाळी करून २५ अंशाच्या जर्मिनेटरमध्ये उभी ठेवायची. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. मग गुंडाळी उलगडून एकेक रोप हातात घेऊन ठरवायचं की हे सामान्य, हे विकृत, हे बी मेलेलं, हे कठीण, म्हणजे पाणीच न प्यालेलं. सोयाबीनला ७० टक्के किंवा जास्त सामान्य रोपं आली की पास. बस. तो आकडा म्हणजे शेवटी एका माणसाचे डोळे आणि त्या दिवशीचा त्याचा मूड असतो, हे मी इथे लिहितेय, ऑफिसात बोलत नाही.

तर काका. तीन एकराला तीन बॅगा पेरल्या, शिवारात दहातलं चार उगवलं. तक्रार दिली, तालुक्याची समिती आली, पंचनामा झाला, त्यात 'पेरणी खोल, पाऊस अपुरा' असं लिहून गेले. आणि यांचा प्रश्न साधा होता. पेरायच्या आधी यांनी घरी गोणपाटावर शंभर दाणे लावले होते, कृषी सहाय्यक दरवर्षी सांगतात तसं, त्यात ८३ आले. लॅबचे ७२, घरचे ८३, रानात ४०. "मग खोटं कोण बोलतंय?"

मी गोणपाट उलगडायला सांगितलं. पेरून उरलेल्या दाण्यांतले शंभर परत लावून, तीन दिवसांचे कोंब आणले होते त्यांनी. आणि बघताच कळलं ८३ कुठून आले ते. साल फोडून पांढरं टोक बाहेर आलं की ते 'उगवलं' धरत होते. बॉटनीच्या पुस्तकात पण तसंच आहे, मुळाचं टोक बाहेर आलं की अंकुरण झालं. पण आमच्या भाषेत ती फक्त सुरुवात, आम्ही विचारतो पुढे याचं झाड होईल का. मी हे जरा लेक्चर दिल्यासारखं सांगायला लागले तर काकाच म्हणाले, "म्हणजे मोड आला म्हणजे उगवलं असं नाही. मोड तर मटकीलाबी येतो, आपण उसळ करून खातो." बारा वर्षांत ट्रेनिंगला आलेल्या कुठल्या अधिकाऱ्याला मी हे एवढ्या पटकन समजावू शकले नाहीये.

त्या कोंबांवर भिंग धरलं तर काय काय होतं. डाळिंबीला, म्हणजे दाण्याच्या दोन फाकांतल्या एकीला, आडवी चीर. अर्धी डाळिंबी गळून गेलेली. काहींचा मधला कोंबच नाही, दोन डाळिंब्या आणि मध्ये टक्कल, त्यांना आम्ही लॅबमध्ये 'टकली' म्हणतो. ही सगळी बियाण्याला मार बसल्याची लक्षणं, आणि सोयाबीन इतकं मार खाणारं बी विरळाच. रात्रभर भिजवलेला एक दाणा सोलून बघा घरी. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि मूळ कुठे असतं तर दाण्याच्या अगदी कडेला, सालीला टेकून, म्हणजे दाणा कुठेही आपटला तर पहिला फटका बहुतेक त्यालाच. शिवाय वीसेक टक्के तेल आणि चाळीसेक टक्के प्रोटीन, त्यामुळे हे बी ठेवलं तरी पटकन म्हातारं होतं. ऑक्टोबरात शेंगा पावसात भिजल्या की सालीची वाट लागते, नंतर कडक वाळवून मळणी केली की दाणे तडकतात. मळणीच्या वेळी १३-१४ टक्के ओलावा पाहिजे आणि ड्रमचा वेग कमी पाहिजे, पण मळणी यंत्रवाल्याला तासाला किती पोती निघाली याशी मतलब, त्याला कोण सांगणार. मग ट्रकमधून बॅगा फेकून उतरवायच्या. ज्वारीच्या पोत्याला ते चालतं, सोयाबीनच्या बॅगेत प्रत्येक आपटण्याला काही कोंब मरतात आणि बाहेरून दाणा तसाच गुळगुळीत दिसतो.

त्यात याची उगवायची तऱ्हा. हरभरा, तूर शहाणे, डाळिंब्या मातीतच ठेवतात आणि नुसता शेंडा वर पाठवतात. सोयाबीन सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वर येतं. मान हूकसारखी वाकवायची, त्या मानेनं माती फोडायची आणि मागून दोन्ही डाळिंब्या ओढून काढायच्या. ३ ते ५ सेंटिमीटरवर पेरलं तर धडधाकट बी हे करतं, ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं ८ वर गेलं, वरून पावसाच्या सरीनं माती दडपली आणि ऊन पडून पापडी धरली की अर्ध्या जिवाचं बी खालीच मान मोडून बसतं.

आता नियमानं फोडलेल्या बॅगेतलं बी आम्ही तक्रारीसाठी घेऊच शकत नाही. बरोबर पण आहे, कोणी काहीही मिसळून आणेल. पण सर्व्हिस सॅम्पल म्हणून फी भरून कुणीही देऊ शकतो, त्याचा रिपोर्ट फक्त देणाऱ्याच्या माहितीसाठी. मी काकांना पावती करायला लावली. आमचे सिनियर म्हणाले कशाला गळ्यात घेतेस. त्यांची मोजायची पद्धत मला माहितीये, गुंडाळी उलगडायची, उभं दिसलं की सामान्य, चार वाट्या वीस मिनिटांत, आणि कधी एकही तक्रार नाही त्यांच्या नावावर.

पहिल्यांदा हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच्या पाण्याची टेस्ट केली, खर्च चहाएवढा. शंभर दाणे पातळ द्रावणात दहा-पंधरा मिनिटं बुडवायचे, सालीला बारीक चीर असली तर दाणा टरारून फुगतो. दहापेक्षा जास्त फुगले तर बी चांगलंच मारलेलं समजायचं. काकांचे २३ फुगले, त्यांच्या डोळ्यांसमोर. मग आमच्या स्टोअरमधलं त्याच लॉटचं राखीव सॅम्पल काढलं, त्यात ११. म्हणजे मार आमच्याकडे यायच्या आधी पण होता आणि सॅम्पल काढल्यावर बॅग त्यांच्या घरी पोचेपर्यंत अजून बसला. किती गोदामात, किती दुकानात, ते कुठलीच टेस्ट सांगत नाही. दुकानदार अर्थातच म्हणाला लॅबला विचारा.

पेपरवर लावलं आणि सोबत वाळूच्या ट्रेमध्ये पण लावलं. आठव्या दिवशी काका सकाळच्या एसटीनं हजर. पेपरवर ५८, वाळूत ४७. ट्रेमधल्या रिकाम्या जागी मी चिमट्यानं वाळू बाजूला केली, खाली एक रोप मान वाकवून बसलेलं, एक डाळिंबी तुटलेली, वाळूच्या थरापासून नखभर खाली. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "निघालं होतं की हे." मग त्यांनीच सांगितलं की पेरणी खोल झाली होती, ट्रॅक्टर भाड्याचा, घाई होती, आणि पाऊसही पेरणीआधी ७५-१०० मिलिमीटर व्हावा सांगतात तेवढा नव्हता झाला. म्हणजे समितीनं लिहिलं ते खोटं नव्हतं, फक्त तेवढंच नव्हतं.

राखीव सॅम्पलची परत उगवण दुसऱ्या ॲनालिस्टनं काढली, मुद्दाम मी हात लावला नाही. ६६ आली. ७२ आणि ६६. टॉलरन्सच्या तक्त्यात या पातळीला दोन टेस्टमधला ७ पर्यंतचा फरक चालतो, म्हणजे कागदावर दोन्ही बरोबर, माझी चूक नाही, फाइल बंद. नव्यानं कोणी आणलं असतं तर नापास.

मी माझं एप्रिलचं मोजणीचं कार्ड काढून बसले त्या संध्याकाळी. ७६, ७१, ६९, ७२. बेरीज २८८, विकृत सरासरी १७, मेलेली ११. आमच्यात एक ५० टक्क्यांचा नियम आहे, डाळिंब्यांचा अर्धा किंवा जास्त भाग शाबूत असेल तर रोप सामान्य धरायचं. अर्धा म्हणजे नक्की अर्धा कसा मोजणार, पट्टी लावतो का आपण? नजरेनं. रेषेवरची किती रोपं मी सामान्यमध्ये टाकली ते कार्डावर नसतं, मला आठवतं एवढंच की होती, बरीच होती, आणि एप्रिलमध्ये लॉटवर लॉट येत असतात, पुरवठ्याचे फोन चालू असतात. २८८ ऐवजी २७७ आली असती तर सरासरी ६९ वर उतरली असती. ११ रोपं. एका लॉटमध्ये २०० क्विंटलपर्यंत बियाणं असू शकतं, ते सगळं या ११ वर.

आणि टॅगवर यातलं काही येत नाही. तिथे छापलेलं असतं किमान उगवण ७० टक्के, मग लॉट ७२ चा असो नाहीतर ९२ चा. शेतकरी दोन्हीला एकच भाव देतो आणि एकरी तेवढंच बी पेरतो. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीनच्या तक्रारी झाल्या, प्रकरण खंडपीठापर्यंत गेलं, मला वाटलेलं निदान टॅगवर खरा आकडा छापायला लागतील. वाट बघतेय.

काकांना भरपाई मिळाली नाही. शेजाऱ्याचं घरचं बियाणं घेऊन दुबार पेरणी केली, या वेळी बैलानं, वरवर. फोन आला होता, चांगलं उगवलंय म्हणाले. मी माझ्या कार्डाबद्दल त्यांना सांगितलं नाही. सांगणार होते, दोनदा.

यंदा एप्रिलपासून मी रेषेवरची रोपं वेगळ्या ट्रेमध्ये काढते आणि कार्डाच्या मागे पेन्सिलीनं त्यांचा आकडा लिहिते. सिनियर म्हणतात याला रकानाच नाही, लिहून उपयोग काय. आज एका लॉटची पाचव्या दिवसाची मोजणी झाली, पेन्सिलीचा आकडा १४ आहे. शेवटची मोजणी शुक्रवारी.